काणाडोळा

आमच्याकडे चांगल्या माणसाला दोन डोळे काढतात
आणि वाईटाला एक.
हे कुणी ठरवलं, गुरुजींना माहीत नव्हतं.
त्यांच्या गुरुजींनाही नव्हतं.
संत भिंतीवरून समोर बघतात, तुमच्या डोळ्यांत डोळा घालून.
हेरोदाचे शिपाई, सैतान, भालेकरी,
पंगतीत ताटाकडे हात नेणारा यहूदा,
हे सगळे कडेनं.
नाकाच्या एका बाजूला उरलेला एकच डोळा,
बाजारातल्या माशाला असतो तसा.

मी दहा वर्षांचा, रंग वाटणारा पोर.
ताना सरोवराच्या काठी, झेगेला,
कॉफीच्या झाडीत बुडालेलं गोल चर्च.
मेरिगेता यितबारेक शिडीवर, मी खाली:
पिवळी माती, काजळी, पुडीतली निळी,
कापड भिंतीला डकवायची खळ,
आणि खळीला येणारी झुरळं.

मरीयेच्या पायाशी पालथा पडलेला दाता काढायचा होता.
देम्सेव व्यापारी. त्याचा काटा नेहमी
दोन मुठी खोटा, सगळ्या झेगेला ठाऊक.
मी वर बघून विचारलं, याला किती?
गुरुजी म्हणाले, दोन.
पैसे त्यानं दोन डोळ्यांचे दिलेत.

मग पेत्र आला
आणि काम थांबलं.

अंगण झालं, शेकोटी झाली.
त्याच्याकडे बोट दाखवणारी दासी झाली;
तिला दोन डोळे दिले,
ती तर खरं तेच म्हणत होती.
पेत्राच्या जागी नुसतं कोळशानं काढलेलं अंडं,
रोज काढायचं, रोज चिंधीनं पुसायचं.
पंचावन्न दिवसांचा उपास तसाच गेला.

एका संध्याकाळी तिरुवर्कबाईंनी कॉफी केली.
पहिला पेला, दुसरा. तिसरा पाणचट असतो,
तो हातात धरून गुरुजी भिंतीशी बोलल्यासारखं बोलले.
बाहिर दारच्या पुलाजवळ, त्या वर्षी,
शिपायांनी ट्रकमधल्या एकाकडे बॅटरी मारून विचारलं होतं,
हा तुझा कोण?
"मी म्हटलं, ओळखत नाही.
आमच्या आईचं नाक होतं त्याला. मलाही तेच आहे.
शिपायानं आम्हा दोघांकडे पाहिलं
आणि त्यानंही काणाडोळा केला.
पेत्र तीनदा म्हणाला.
मी एकदाच.
एकदाच पुरलं."
तिरुवर्कबाई निखारे चाळत राहिल्या.
त्यांना हे नवीन नसावं, किंवा फारच नवीन असावं.

सकाळी त्यांनी आधी कोंबडा काढला.
लाल तुरा, ताठ मान, कडेनं, एक डोळा.
मी म्हणालो, कोंबडा वाईट आहे?
कितीतरी दिवसांनी ते हसले, शिडी हलली.
"अरे, त्याचे डोळे कडेलाच. त्याला नीट बघायचं तर
मान वळवावी लागते.
एका वेळी एकच डोळा ठेवतो तो आपल्यावर.
पण ठेवतो."

पेत्र त्यांनी दुपारी संपवला.
चेहरा समोर. तळहात चेहऱ्यावर,
डावा डोळा उघडा,
उजवा हाताखाली.
बोटांवर म्हाताऱ्या कोळ्याच्या भेगा.

आज मी शिडीवर असतो.
देम्सेवाचे दोन्ही डोळे वाळवीनं खाल्ले,
त्याचा नातू दुरुस्तीचे पैसे देत नाही.
पोरं पेत्रापाशी थांबतात, भांडतात:
एक आहे, नाही दोन, हात काढून दाखव.
धर्मगुरू म्हणतात, संत तो, म्हणजे दोनच.

मी काही सांगत नाही.
मला इतकंच आठवतं,
त्या दुपारी गुरुजींनी काजळी मागितली ती
दोन बुबुळांपुरती.
वाटी मी सरोवरावर धुवायला नेली,
बोट फिरवून पाहिलं.
काही उरलं नव्हतं.